तालमीपुरती सवलत

कंडक्टरला खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर. गल्लीत कुणी त्याला त्या नावानं हाक मारली असती तर त्यानं मागे वळूनही पाहिलं नसतं. उभी हयात शहराच्या बसमध्ये तिकिटं देण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावरही तो पाय फाकवून चालायचा, न जाणो रस्त्यानं अचानक ब्रेक मारला तर. रांग दिसली की सरळ करायची, दारात माणूस दिसला की "आत सरका" म्हणायचं, ही त्याची सवय. माझ्या दुकानात दोन बायका कपडे बारीक करून घ्यायला आल्या तरी हा बाहेरून ओरडायचा, "टेलरबाई, दार मोकळं ठेवा!" मी त्याला कात्री दाखवायचे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे आणि माघारी एकेरी. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मात्र तोंडावर आणि माघारी सारखाच मान. तसा मान मी फार कमी लोकांना देते.

वहिनींचे सांधे गेले होते. बोटं वाकडी, गुडघे सुजलेले, मनगटं नाजूक. खिडकीपाशी हात असलेली एक लाकडी खुर्ची होती, ती त्यांची जागा. चार पायांच्या वॉकरला धरून खुर्चीपासून दारापर्यंत आणि दारापासून न्हाणीघरापर्यंत, एवढंच त्यांचं येणंजाणं. दोन बोटांच्या बेचक्यात पेन्सिल खोचून त्या दिवसभर शब्दकोडी सोडवायच्या. अडलं की खिडकीतून मला हाक. मी समोरच राहते, त्यामुळे माझी सुटका नव्हती. "टेलरबाई, 'हट्टी' याला चार अक्षरी शब्द सांगा." मी म्हणायचे, "कंडक्टर लिहा." त्या घरं मोजून म्हणायच्या, "बसतोय की!"

आमची गल्ली म्हणजे एक उतार. वरच्या टोकाला शाळेचं मैदान, खालच्या टोकाला बर्फाच्या कारखान्याची भिंत आणि मधे दोन्ही बाजूंना पंचवीसेक बैठी घरं, दाराला दार लागलेली. कारखान्यात बर्फ गोठवायला अमोनिया वापरतात, हे आम्हाला वासावरून माहीत होतं. कधीमधी नाकाला झोंबायचा, डोळे चुरचुरायचे, मग जायचा. एकदा सकाळी मात्र तो जाईना. सगळी गल्ली खोकत, डोळे चोळत बाहेर पडली आणि जिकडे तोंड असेल तिकडे पळाली. वर मैदानावर पोचल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की घड्याळवाले आजोबा कुठे दिसत नाहीत. आजोबा ठार बहिरे, एकटे, आणि घर अगदी कारखान्याच्या भिंतीला लागून. वास विरल्यावर आम्ही गेलो, तर ते अंथरुणात उपडे पडलेले, उशीत तोंड खुपसून. वाचले. पण महिनाभर त्यांचा खोकला भिंतीपलीकडे ऐकू येत होता. कारखान्यातून एक साहेब आला आणि "काही विशेष नाही, जुना वॉशर होता," म्हणून गेला.

त्या दिवशी कंडक्टरच्या डोक्यात जे शिरलं ते कायमचं. "गाडी सोडण्याआधी आत कोण राहिलंय ते बघायचं असतं," तो मला म्हणाला. "आपण बघितलंच नाही हो." आणि मग तो गल्लीच्या मागे हात धुवून लागला.

लोकांना आपत्तीची तयारी करा म्हणून सांगणं म्हणजे काय असतं, ते त्याला विचारायला हवं होतं. तो दार वाजवायचा, लोक आतून टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकानं सांगितलं, आम्ही घर बदलणारच आहोत. आजतागायत तिथेच आहे तो. दुसरीनं सांगितलं, अशुभ बोलू नका. कचेऱ्यांमध्ये हेलपाटे घालून चपला झिजल्या, प्रत्येक खिडकीनं पुढची खिडकी दाखवली. शेवटी बेकरीवाल्याला त्याची दया आली. बेकरीवाला तसा मनानं लोण्यासारखा, शरीरानं मात्र पोत्यासारखा भरभक्कम. त्यानं आपल्या मागच्या अंगणात सभा ठेवली आणि तुटकी बिस्किटं फुकट वाटतो म्हणून सांगितलं. सगळी गल्ली आली. बिस्किटं संपेपर्यंत कंडक्टरनं बोलून घेतलं.

बस आगारातून त्यानं भंगारात निघालेली एक घंटा आणली, दोरीची. ती गल्लीच्या मध्यावर दिव्याच्या खांबाला टांगली. डबल बेल वाजली की निघायचं. टिंग टिंग, टिंग टिंग. पहिल्या तालमीला ती वाजली आणि जो तो आपापल्या घरात घुसला. नवरे बायकांकडे, बायका पोरांकडे, पोरं मांजराकडे. गल्लीत अशी कोंडी झाली की मी माझ्याच पायरीवरून खाली उतरू शकले नाही. अर्ध्या तासानं सगळे हसत, धापा टाकत मैदानावर पोचले. आणि घड्याळवाले आजोबा? ते आपल्या दारात बसून एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बघत होते. त्यांना पुन्हा सगळे विसरले होते. कंडक्टर मैदानावर मटकन खाली बसला. मला त्याची कीव आली आणि चीडही. इतकं काय मनाला लावून घ्यायचं?

दुसऱ्या दिवशी त्यानं तो नियम काढला. आपलं माणूस आपण उचलायचं नाही.

"म्हणजे?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दुसऱ्याच्या घरातलं माणूस. आपल्या घराकडे बघायचंसुद्धा नाही. आपल्या घराकडे दुसरा कुणीतरी निघालेला असतो. एवढा विश्वास ठेवला तरच एकटं माणूस मागे राहणार नाही."

खूप गलका झाला. पण बसमध्ये उभं राहून आयुष्यभर भांडलेल्या माणसापुढे आमचं काय चालणार? घड्याळवाले आजोबा त्यानं स्वतःकडे घेतले, कारण त्यांचं घर सगळ्यात वाईट जागी. माझ्या वाट्याला आली गल्लीतल्या नर्सची सासू. नर्स कामावर गेली की म्हातारी घरी एकटी असायची. "माझ्या सासूला नेताय? खुशाल न्या," नर्स म्हणाली, "परत आणायची घाई करू नका." म्हातारी कवळी घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे आणि कवळी कुठे ठेवलीय ते तिला कधीच आठवत नसे. आणि वहिनी गेल्या बेकरीवाल्याच्या वाट्याला. तो आणि त्याचा मेव्हणा, दोघं मिळून खुर्चीसकट उचलणार.

मग आली फडकी. घर रिकामं झालं की बाहेरच्या कडीला पिवळं फडकं अडकवायचं, म्हणजे दुसरा कुणी तिथे वेळ घालवणार नाही. पडद्यांच्या अस्तराचा पिवळाधमक तागा माझ्याकडे पडून होता. मी बसून सगळ्यांसाठी फडकी शिवली, चारही बाजूंनी दुमडून, एका कोपऱ्याला नाडीचा फास. कंडक्टरनं एक फास ओढून पाहिला आणि म्हणाला, "फडकं दिसलं की थांबायचं नाही. आत हाका मारायच्या नाहीत. सरळ पुढचं दार." आम्ही माना डोलावल्या.

आणखी एक नियम होता, तोही सांगते. एकदा बाहेर पडलेल्यानं परत आत जायचं नाही. तो नर्सच्या सासूमुळे आला. दुसऱ्या तालमीत ती मैदानावरून कवळीसाठी परत सुटली आणि तिच्या मागे मी. मग कंडक्टरनं आम्हाला धावणाऱ्या माणसाला कसं धरायचं ते शिकवलं. मागून दोन्ही काखांखालून हात घालायचे, छातीवर बोटं गुंफायची आणि आपण खाली बसायचं, म्हणजे तोही बसतो. दंगेखोर प्रवाशांना तो असाच खाली बसवायचा म्हणे. शिकताना आम्ही हसून हसून बेजार झालो. बेकरीवाल्यानं मेव्हण्याला धरलं आणि दोघं गवतात लोळले.

हळूहळू जमायला लागलं. खरंच जमायला लागलं. घंटा झाली की माणसं एकमेकांच्या घरांत शिरायची, पोरं शेजाऱ्यांच्या कडेवर, म्हाताऱ्या परक्याच्या हाताला धरून, मागे कड्यांवर पिवळी फडकी. कंडक्टर सगळ्यात शेवटी आजोबांना पाठीवर घेऊन मैदानात यायचा, खाली ठेवायचा आणि ओरडून विचारायचा, "आत कुणी राहिलं का?" आम्ही सगळे ओरडायचो, "नाही!" त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते पाहून मला माझं तोंड आवरावं लागायचं.

फक्त वहिनींचं जमत नव्हतं. पहिल्यांदा नेलं तेव्हा बेकरीवाल्याचा पाय घसरला, खुर्ची कलंडली आणि सावरताना त्यांचं मनगट मुरगळलं. दुसऱ्यांदा काही घडलं नाही, पण खुर्ची हिंदकळत गेली तेवढ्यानं त्यांचे सांधे पेटले. पुढे कितीतरी दिवस त्यांना पेन्सिल धरता येईना. मी औषधाचं मलम घेऊन गेले होते तेव्हाचं बोलणं माझ्या समोरच झालं.

"मला यातून वगळा," वहिनी म्हणाल्या.

"असं कसं वगळू? मी बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

"खरी वेळ आली की न्या. पोत्यासारखं फेकून न्या, मी हूं की चूं करणार नाही. पण तालमीला नको हो. दर वेळी आठ दिवस माझे हाल होतात."

कंडक्टर त्यांच्या मनगटाला मलम लावत होता.

"इतकी वर्षं परक्या म्हाताऱ्यांना सवलतीची तिकिटं दिलीत," वहिनी म्हणाल्या, "बायकोला एक द्या."

तो हसला. मीही हसले. कुणाला हसू येणार नाही? "बरं," तो म्हणाला, "पण तालमीपुरती हं. आणि गप बसून राहायचं नाही. दारापर्यंत जायचं आणि फडकं आपल्या हातानं लावायचं. तालीम झालीच पाहिजे."

तेव्हापासून तसंच ठरलं. डबल बेल झाली की वहिनी वॉकर टेकत टेकत दारापर्यंत यायच्या, कडीला फडकं अडकवायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि पुन्हा आपल्या कोड्यापाशी. बेकरीवाला आणि मेव्हणा धावत यायचे, फडकं बघून पुढे जायचे आणि वाटेत कुणाला मदत लागली तर करायचे. वावगं वाटावं असं त्यात कुणालाच काही दिसलं नाही. उलट वहिनींना मजा वाटायची. फडकं लावताना समोरून मी दिसले तर म्हणायच्या, "गेले बरं का मी! घर रिकामं!"

नर्सनं एकदा सुचवलं होतं की खऱ्या वेळेसाठी वेगळी खूण ठेवू, सलग घंटा किंवा शिट्टी. कंडक्टरला ते पटलं नाही. "खरं कधी आणि खोटं कधी ते अंगाला कळताच कामा नये," तो म्हणाला. "कळलं की माणूस विचार करायला लागतो. विचार करत बसला की संपलं." त्याचं म्हणणं सगळ्यांनाच बरोबर वाटलं. मला आजही चूक कुठे होती ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

ती दुपार साधीच होती. ऊन होतं, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. मी एका पँटची शिवण उसवत होते. कारखान्याकडून फट्ट असा आवाज आला, मोठाही नव्हता, आणि पाठोपाठ घंटा. टिंग टिंग, टिंग टिंग. मी मनात म्हटलं, झालं याचं सुरू. पँट ठेवून बाहेर आले तर उताराच्या तळाशी भिंतीवरून पांढरं काहीतरी सांडत होतं, दुधासारखं दाट, आणि जमिनीलगत वर सरकत होतं. नाकात गेलं तेव्हा समजलं.

कुणी विचार केला नाही. अंगाला जे शिकवलं होतं तेच अंगानं केलं. मी ओला टॉवेल तोंडावर धरला आणि नर्सच्या घरात शिरले. म्हातारी कवळी म्हणाली, मी म्हटलं खड्ड्यात गेली कवळी, आणि तिला ओढत बाहेर काढली. फडकं लावलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. गल्लीत गोंधळ नव्हता, किंकाळ्या नव्हत्या, फक्त पावलं आणि खोकला. धूसर धूसर पिवळे ठिपके दिसत होते दोन्ही बाजूंना. मैदानावर पोचून गवतात पडलो. वारा आमच्याकडून खाली वाहत होता, म्हणून वाचलो.

सगळ्यात शेवटी कंडक्टर आला. आजोबा पाठीवर, दोघांच्या तोंडाला ओली फडकी, चेहरा लालबुंद, डोळे जवळजवळ मिटलेले. त्यानं आजोबांना अलगद खाली ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतला आणि मग विचारलं, "आत कुणी राहिलं का?"

"नाही!" आम्ही ओरडलो. त्या ओरडण्यात आनंद होता, मी खोटं कशाला बोलू? जमलं होतं. एवढ्या वेळा चेष्टा करत, कुरकुरत जे केलं होतं ते जमलं होतं.

त्यानं डोळे पुसले आणि खुर्ची शोधायला लागला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याच्या कडेवर दोन पोरं होती.

"काकू..." बेकरीवाला म्हणाला. "काका, फडकं होतं. दाराला फडकं होतं. मला वाटलं आज खरं आहे म्हणून तुम्हीच त्यांना आधी..."

"हो," कंडक्टर म्हणाला. "मीही बघितलं. येताना बघितलं मी." एवढं बोलून तो धावत सुटला.

चार पावलं गेला असेल. मेव्हण्यानं त्याला मागून धरलं, काखांखालून हात, छातीवर बोटं गुंफून, आणि खाली बसला. अगदी शिकवल्यासारखं. वरून आणखी दोघं. बेकरीवाल्यानं पोरं खाली ठेवली आणि तोही उताराकडे धावला, तर त्यालाही कुणीतरी खाली बसवलं. आम्ही त्या कामात इतके तरबेज झालो होतो की कुणालाच सुटता आलं नाही.

"फोन," मी म्हटलं. "अहो कंडक्टर, फोन लावा!"

त्याचा हात सोडवून आम्ही त्याला फोन दिला. इंजिनाच्या आवाजात आयुष्य काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, तो नेहमी स्पीकरवरच बोलायचा. त्यामुळे जे बोलणं झालं ते आम्हा सगळ्यांना ऐकावं लागलं.

वहिनींनी लगेच उचलला. "काय हो, आटोपली का तालीम? आज फार रंगली वाटतं. उन्हामुळे खिडकी लावून पडदा ओढलाय, दिसलं काहीच नाही. बाहेर कुणी खोकल्याचं सोंग काय छान करत होतं! आणि येताना पाव आणा, संपलाय."

कंडक्टरनं फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाला, "अगं, खरं आहे."

"काय खरं आहे?"

"आजचं. आजचं खरं आहे. गॅस सुटलाय."

मग वहिनी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मग तुम्ही तिथे काय करताय?"

मैदानावर एकानंही मान वर केली नाही. ते वाक्य त्या रागानं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. पण मला अजूनही ते ऐकू येतं.

कंडक्टरचा आवाज मग एकदम बदलला. बसमधला आवाज झाला, ठाम, मोठा. "ऐक. खिडकी उघडू नकोस. वॉकर घे. न्हाणीघरात जा. टॉवेल ओला कर, एक तोंडावर, एक दाराच्या फटीला. नळ सोड. फोन बरोबर ठेव. चल. चल, ऊठ."

वॉकरचे आवाज यायला लागले. टक, टक. इतके सावकाश. खाली गल्लीत पांढरं आमच्या घरांच्या खिडक्यांपर्यंत चढलं होतं, वरून छपरं आणि वाळत घातलेले कपडे तेवढे दिसत होते. अग्निशमनची गाडी आली होती, पण शाळेच्या फाटकातून आत घेताना अडकली होती. मास्क लावलेली माणसं उतरत होती आणि त्यांचा साहेब हात वर करून त्यांना थांबवत होता, आधी पाण्याचा फवारा, मग आत. नर्सची सासू त्या साहेबाच्या शर्टाला धरून बिनदातांच्या तोंडानं काहीतरी ओरडत होती. कंडक्टरनं घर खुणेनं दाखवलं. साहेबानं विचारलं, "ओळख काय घराची?" कंडक्टर बोलायला गेला, "पिवळं फड..." आणि थांबला. सगळ्याच दारांना पिवळं फडकं होतं. मग मीच सांगितलं, डाव्या हाताला, दिव्याच्या खांबासमोर.

फोनमध्ये दार लागल्याचा आवाज आला, मग नळाचा. मग खोकला.

"खालून येतंय हो," वहिनी म्हणाल्या. "वाकता येत नाहीये, टॉवेल नीट बसत नाही."

"पायानं सरकव. पायानं."

"कोण येतंय?"

कंडक्टरनं गाडीकडे पाहिलं. ती माणसं अजून पाइप जोडत होती. "निघालेत," तो म्हणाला. "निघालेत बघ. आलेच."

"मला जरा नीट धरायला सांगा त्यांना." खोकला. "मागे एकदा मनगट..." पुन्हा खोकला, आणि फोन कुठेतरी पडल्याचा आवाज.

त्यानंतर नळाचा आवाज तेवढा राहिला. कंडक्टर हाका मारत होता, "अगं, ऐकतेस ना? अगं?" आणि नळ वाहत होता. त्याला धरून बसलेले लोक त्याला धरूनच रडत होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मास्कवाले पांढऱ्यात शिरले, दिसेनासे झाले. मग फोनमध्ये दार ढकलल्याचा आवाज आला, जड बुटांचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी काही बोललं, शब्द कळले नाहीत. आणि कुणीतरी नळ बंद केला. कंडक्टरनं फोन बंद करून खिशात ठेवला.

आठवड्यानं एक अधिकारी आले. त्यांनी गल्ली पाहिली, घंटा पाहिली, फडक्यांचा फोटो काढला. कंडक्टरचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "एवढी मोठी गळती आणि फक्त एक. तुमच्यामुळे फक्त एक. बाकीच्या वस्त्यांना आम्ही हे शिकवणार आहोत." कंडक्टर मान हलवत होता. माझ्या हातात तेव्हा कात्री नव्हती हे त्या अधिकाऱ्याचं नशीब. पण तो माणूस खोटंही बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

कारखाना पुन्हा सुरू झाला. बर्फ सगळ्यांनाच लागतो. फडकी मी गोळा करून धुतली आणि घडी घालून ठेवली. जाळावीशी वाटली, हात धजला नाही. बेकरीवाल्यानं कित्येक दिवस भट्टी पेटवली नाही, मग पेटवली. कंडक्टर घराबाहेर पडायचा बंद झाला. मी डबा द्यायला जायचे तर हा वहिनींच्या खुर्चीत बसलेला, मांडीवर त्यांचं अर्धवट कोडं. दार मोकळं ठेवा, रांग लावा, काही नाही. मी मुद्दाम माझ्या पायरीवर गर्दी करवली, तरी त्यानं खिडकीतून पाहिलं नाही.

तालमी बंदच पडल्या असत्या. पण एके दिवशी बेकरीवाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "फडकी द्या." बिस्किटं वगैरे काही नव्हती, तरी त्याच्या अंगणात सगळे जमले. बराच वाद झाला. कुणी म्हणालं फडकी नकोतच, कुणी म्हणालं घंटा वेगळी करा. शेवटी एवढंच ठरलं की फडकं असो नसो, दार उघडून बघायचं. कंडक्टरला कुणी बोलवायला गेलं नाही. हिंमत कुणाला होती? त्याच्या वाट्याचे घड्याळवाले आजोबा मेव्हण्याकडे दिले. कंडक्टरच्या दारासाठीचं फडकं मी त्याच्या डब्याबरोबर नेऊन ठेवलं.

शनिवारी सकाळी डबल बेल झाली. दोरी नर्सनं ओढली. मी म्हातारीला घेऊन बाहेर आले, तेव्हा समोरचं दार थोडं उघडलं, कंडक्टरचा हात बाहेर आला, त्यानं कडीला फडकं अडकवलं आणि दार लोटून घेतलं.

बेकरीवाला धावत येत होता. फडक्यापाशी येऊन थांबला. क्षणभर त्याच्याकडे नुसता बघत राहिला. मग दार ढकलून आत गेला, आणि मी म्हातारीला तिथेच सोडून त्याच्या मागे गेले, नियम गेला चुलीत.

कंडक्टर खुर्चीत बसला होता.

"फडकं होतं ना दाराला?" तो म्हणाला.

"होतं," बेकरीवाला म्हणाला आणि खुर्चीच्या एका हाताखाली त्यानं हात घातला. दुसरीकडून मी धरलं. कंडक्टर धडधाकट माणूस, दोन्ही पाय शाबूत, उठून चालू शकला असता. तो उठला नाही. आम्ही त्याला खुर्चीसकट उचललं आणि दारातून तिरकं करून बाहेर काढलं. उतारावर खुर्ची हिंदकळायला लागली.

"नीट धरा," तो म्हणाला.

"धरलंय काका," बेकरीवाला म्हणाला आणि आम्ही त्याला मैदानापर्यंत नेलं. तिथे पोचल्यावर सगळे त्याच्याकडे बघत राहिले, पण त्यानं नेहमीचा तो प्रश्न विचारला नाही.